मागच्या दारी सुधाकर

४ जानेवारी, अनसिंग
दुपारी वाशीमहून प्रवीण आला. सुधाकरचा मित्र, गावात जयंतीला होणाऱ्या नाटकांपासूनचा. दोघांनी मिळून केलेला भुताचा सिनेमा, ‘मागच्या दाराचा पाहुणा’, त्याने एकदाचा नेटवर टाकला. कोणी पाहत नाही म्हणाला. “वहिनी, तुमी तरी पाहा.” पाहते म्हटलं. शूटिंग आमच्याच घरी झालं होतं. सुधाकर त्यात मेलेला नवरा. मागच्या दिवाळीआधी तो खरंच गेला. हार्ट अटॅक.

८ जाने.
शाळेत राठोड सरांनी पाहिला. “मॅडम, त्यातलं भूत काहीच करत नाही. नुस्तं बसून राह्यते.” मग ते भूत म्हणजे माझा नवरा, हे लक्षात आलं असावं. चहा सांगायला उठले.

११ जाने., रविवार
पाहिला. एकटीने.
मेलेला माणूस रोज दिवेलागणीला मागच्या दाराशी येतो, पाणी मागतो. आत बायको. कडी काढत नाही. तो रागावत नाही. ओट्यावर बसतो, चपलांची माती झटकतो, निघून जातो. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. अर्ध्यानंतर त्याची भीती वाटत नाही, तिची वाटायला लागते. घरचा माणूस आहे म्हणून म्हणत नाही, चांगला सिनेमा आहे. लोकांनी पाहायला पाहिजे.
चाल त्याचीच. सदरा मीच इस्त्री केलेला.
रडू आलं नाही. स्वयंपाकाला उशीर झाला.

१३ जाने.
सासूला शेजारणीकडून कळलं. शूटिंगच्या वेळी ती मंगरूळपीरला माझ्या नणंदेकडे होती.
“मले काहून नाही दाखवला?”
“माय, त्यात तो मेलेला आहे.”
“मंग? तसाही मेलेलाच हाये. दाखव.”

१४ जाने.
दाखवला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसली. घाबरली अजिबात नाही. तो पाणी मागायला लागला तशी त्या नटीवरच चिडली. “कोन बाई हाये हे? लेकरू दारात उभं हाये अन् हे आत बसून राह्यली.”
संपल्यावर एवढंच, “बारीक झाला होता तवा.”
नव्हता झाला.

२२ जाने.
माय येईल त्याला सिनेमा पाहायला लावते. दूधवाला, आशाताई, सोयाबीनचा भाव विचारायला आलेला माणूससुद्धा. “भुताचा हाये, पन भेऊ नोको.” प्रवीणचा फोन, हसत होता. “वहिनी, पाहनारे वाढले. सारे अनसिंगचेच दिसते.”

१ फेब्रुवारी
वाशीमला एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. मोठ्या पडद्यावर सुधाकर दारापेक्षा उंच दिसला.
तो ओट्यावर बसला तेव्हा माय अंधारात मोठ्याने म्हणाली, “उघड नं वं.”
कोणी हसलं नाही. प्रवीण मागे भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये:
“तू असती तं उघडलं असतं?”
बसचा आवाज होता, ऐकू आलं नाही असं करता आलं असतं.
“पाणी दिलं असतं.”
“दाराचं इचारलं म्या.”


३ फेब्रु.
माय कमी बोलते. सकाळी भाकरी तिनेच थापल्या, मला हात लावू दिला नाही.
मी विचार केला. हो म्हणणं सोपं होतं, म्हातारीला बरं वाटलं असतं. पण ज्याच्या अंगावर मी स्वतः पांढरं टाकलं, त्याला आत घ्यायचं... ती घेईल. तिने त्याला जन्म दिला. मी त्याच्याबरोबर फक्त राहिले. चांगली राहिले. तरी कडीला हात गेला असता का, खरंच माहीत नाही.
हे तिला कसं सांगायचं.

७ फेब्रु.
प्रवीणचा फोन. अकोल्याच्या कोणीतरी पाहिला, तिकडे दाखवायचा म्हणतात. दोघींनी यायचं, लोकांशी दोन शब्द बोलायचे. माय फोनजवळ येऊन म्हणाली, “येतो आमी.” आमी म्हणाली.
तिने लुगडं काढून ठेवलं आहे. मी अजून रजा टाकलेली नाही.