राधाच्या धड्यावरचं नाव

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२६

ती. ताईस,
राकेशचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू फोनवर बोलणं सोडलंस, त्यात माझा फायदाच झाला. निदान तुझ्यासाठी तरी हातात पेन धरतो. तू पाठवलेली सांडगी मिरची अक्षता एकटीच संपवते आहे. नवऱ्याच्या वाट्याला वास तेवढा येतो.

अकरावीच्या पुस्तपालनाचा अभ्यासक्रम नव्यानं बांधायचं काम आमच्या कार्यालयाकडे आलंय, हे मागे लिहिलं होतं. पहिला धडा मी मुळापासून बदलला. नावे-जमेचे नियम आधी पाठ करून घ्यायचे नाहीत. राधा नावाची मुलगी भाजीच्या गाळ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या मोजते. आल्या त्या कुठून आल्या, गेल्या त्या कुठे गेल्या, सुकल्या किती. एवढं करता करता दुहेरी नोंद मुलांच्या ध्यानात येते, आणि तो शब्द मागाहून सांगायचा. समितीतल्या सगळ्यांनी वाखाणला. पुण्यात कोणी वाखाणलं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे.

पण एक विचित्र गोष्ट घडली. गेल्या मंगळवारी जुने अभ्यासक्रम बघायला दप्तराच्या खोलीत गेलो. तिथे १९८२ सालची एक फाईल सापडली. आत हाच धडा. राधा, कोथिंबीर, प्रश्नांचा क्रम, सगळं शब्दाला शब्द. आपल्या मसुद्यात एके ठिकाणी ‘शिल्लक’चं चुकून ‘शिल्लख’ झालं आहे. तिथेही, त्याच ओळीत, ‘शिल्लख’. खाली नाव कुणा वासंती मेश्राम यांचं. भर दुपारी दिवा लावून पुन्हा वाचलं. तू असतीस तर हसली असतीस, म्हणून तुलाच लिहितो आहे.

मायेत कमी-जास्त करू नकोस.
तुझा,
राकेश


यवतमाळ
१९ जानेवारी २०२६

चि. राकेश,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. धडा फार चांगला आहे. चौतीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला, पण मला तो सुचला नाही. त्याची असूया वाटली, हे कबूल करते.

आता माझा प्रश्न. तू सातवीत असताना ‘शिल्लक’ चुकवलास आणि मी तुझ्याकडून तो शब्द शंभर वेळा लिहून घेतला होता. त्यानंतर तुझ्या हातून तो कधी चुकलेला नाही. शिवाय कोथिंबिरीची जुडी तू जन्मात कधी विकत आणली आहेस का, हे अक्षताला विचारायची गरज नाही.

तेव्हा फाईलीचं नंतर बघू. आधी हे कळव की हा धडा लिहिला कोणी.

तब्येत सांभाळ. उत्तराची वाट बघते आहे, आणि ते खरं असावं एवढीच अपेक्षा.
तुझी,
प्रेमलाताई


पुणे
९ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लाज वाटत होती, हे खरं कारण.

कच्चा मसुदा तेजस्विनीचा आहे. सत्तावीस वर्षांची, गोंदियाकडची अध्यापिका, आमच्याकडे कंत्राटावर. कच्चा म्हणतो खरा, पण मी त्यात दोन स्वल्पविराम घातले, तेवढंच. कार्यालयात अशीच रीत आहे. मसुदा कंत्राटी माणसानं करायचा आणि नाव उपप्रमुखाचं, म्हणजे माझं, लागायचं. माझ्याही बाबतीत पूर्वी असंच झालं होतं, म्हणून मला त्यात गैर वाटलं नाही.

जुनी फाईल तिनं पाहिलेली असणं शक्य नाही. दप्तराच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, आणि कुलपाला गंज इतका होता की तेल घालावं लागलं. मी तिला विचारलं की धडा सुचला कसा. ती म्हणाली, मार्केट यार्डात एका मुलीला जुड्या मोजताना पाहिलं आणि घरी येऊन एका बैठकीत लिहून काढला, जणू कोणी सांगत होतं.

आता पुढचं ऐक. फाईलीत धड्यामागे तेव्हाच्या साहेबांचा शेरा आहे: ‘मसुदा उत्तम. तयार करणाऱ्या अध्यापिकेचे नाव देण्याची आवश्यकता नाही.’ ताई, डिसेंबरात तेजस्विनीच्या मसुद्यावर मी हाच शेरा लिहिला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

त्यामागे वासंती मेश्राम यांचा अर्ज आहे. कायमचा पत्ता वणीचा. १८ फेब्रुवारीला दुपारी एक वाजता तासभर बाहेर जाण्याची परवानगी हवी, कारण चष्मा आणायचा आहे. आणि त्याला जोडून शिपायाचा जबाब: ‘बाई एक वाजता गेल्या, परत आल्या नाहीत. पोलिसांत कळवले.’ त्यानंतरही काही कागद आहेत. ते उलटण्याचा धीर झाला नाही.

आज सकाळी तेजस्विनीनं माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. अठरा तारीख, दुपारी एक, तासभर, चष्मा आणायचा आहे.

नामंजूर करू का? कारण काय देऊ? लगेच लिही.
तुझा,
राकेश


यवतमाळ
१३ फेब्रुवारी २०२६
(स्पीड पोस्टानं)

चि. राकेश,
आशीर्वाद.

पत्र मिळालं तशी वणीची बस धरली. मेश्रामांचं घर सापडलं. वासंतीचा भाऊ रामदास, शहात्तर वर्षांचे, निवृत्त मास्तर. बहीण १९८१ साली नोकरीला पुण्याला गेली ती परत आली नाही. जिवंत आहे की नाही, कोणालाच कळलं नाही. तिचं शेवटचं पोस्टकार्ड त्यांनी मला दाखवलं. त्यात लिहिलंय, ‘माझा धडा पुस्तकात येणार आहे. नाव छापलं की पुस्तक घेऊनच घरी येते.’

अर्ज नामंजूर करून काय होणार? तिला अठराला अडवशील, एकोणीसला कोण अडवेल? तुझा शेरा आधी खोड. त्या मुलीचं नाव घाल, वासंतीचंही घाल, आणि अठराच्या आत छापून घे. उरलेले कागद उलटू नकोस.

बाबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं होतं. ते सरळ करायला बाबांची बावीस वर्षं गेली. नाव पुसणं म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागू नये.

रागावले आहे, पण माया तेवढीच आहे.
प्रेमलाताई


पुणे
२० फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र सोमवारी सोळाला मिळालं. तसाच साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की धडा माझा नाही. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, मग आपण नक्की काय केलंत? मी म्हटलं, स्वल्पविराम. ते हसले नाहीत, पण शेरा खोडून त्यावर सही केली. चाचणीच्या प्रती अठराच्या सकाळी छापखान्यातून आल्या. राधाच्या धड्याखाली दोन नावं: वासंती मेश्राम, तेजस्विनी बोरकर. तेजस्विनीला एवढंच सांगितलं की असाच एक धडा पूर्वी कोणीतरी लिहिला होता. तिनं आपलं नाव बराच वेळ पाहिलं आणि प्रत पिशवीत घातली.

एकला ती निघाली. मी जिन्यापर्यंत गेलो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत कठड्यावरून पाहत राहिलो. दोन वाजले, अडीच झाले. फोन बंद. तीनला चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, बाई सव्वालाच चष्मा घेऊन गेल्या. मी फुटपाथवरच बसलो. ताई, मला त्या वेळी तो शिपाई डोळ्यांपुढे दिसत होता, जबाब लिहून देणारा.

साडेतीनला ती कार्यालयात आली. नवा चष्मा, हसरा चेहरा. भिंतीवरचं घड्याळ पाहून तीच गोंधळली. तिला वाटत होतं, फार तर वीस मिनिटं झाली असतील. मी विचारलं, वाटेत कोणी भेटलं का?

भेटलं होतं. बस थांब्याजवळ सत्तरीच्या आसपासच्या एका बाईनं तिचा हात धरला. साधं सुती लुगडं, अनोळखी चेहरा. हात इतका घट्ट की सोडवता येईना. आपल्याकडच्या बोलीत तिनं विचारलं, “तुह्यं नाव छापलं काय, बाई?”

तेजस्विनीला वाटलं, कोणी ओळखीची असेल. तिनं पिशवीतून प्रत काढून दाखवली. त्या बाईनं दोन्ही नावांवरून सावकाश बोट फिरवलं. मग तिचा हात सोडला आणि गर्दीत निघून गेली.

मी तेजस्विनीला फाईलीबद्दल काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. सोबत एक प्रत पाठवतो आहे. ती वणीला पोचव.

तुझ्या रागालाही नमस्कार. तो होता म्हणून निभावलं.
तुझा,
राकेश


यवतमाळ
१५ मार्च २०२६

चि. राकेश,
अनेक आशीर्वाद.

काल वणीला जाऊन आले. मास्तरांना प्रत दिली. त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. मग मी त्यांना बस थांब्यावरची हकिकत सांगितली. सांगावी की नाही, याचा बसमध्ये खूप विचार केला होता. पण चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसापासून ती मी कोण लपवणारी?

ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “हात ऊन होता की गार?”

तुझ्या पत्रात ते नव्हतं. मी ऊन होता म्हणून सांगून आले. म्हातारा तोंडावर उपरणं धरून लहान मुलासारखा रडला. जिवंत आहे, जिवंत आहे, असं पुटपुटत मला फाटकापर्यंत सोडायला आला.

तेजस्विनीला तू हे कधीही विचारू नकोस. आणि तिनं आपणहून सांगितलंच, तर मला लिहू नकोस.

अक्षताला आशीर्वाद. तुम्हा दोघांची आठवण रोज येते, ती अशीच येत राहो.
तुझी,
प्रेमलाताई