बाईच्या जागेचं दुखणं

माय, आज दवाखान्यातून आले आणि तुझी फार आठवण झाली. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायलेय.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी झरीला आले होते. मेंढरं बाभळीखाली बसवून तू दुपारी घरी यायचीस आणि न्हाणीत जाऊन बसायचीस. आतून पाण्याचा आवाजसुद्धा येत नसे. एकदा मी डोकावले, तर तू खोबरेल लावत बसली होतीस, ओठ दाबून रडत. "लय खाजतंय गं. जागेचं कातडं पांढरं पडलंय, कागदावानी चिरतंय. कोड असलं तर? तुज्या सासरी कळलं तर तुला नांदवतील का?" दुखणं तुझं, आणि काळजी माझ्या संसाराची.

बाळानं जरा अंग धरलं तसं मी तुला बैलगाडीनं परभणीला नेलं. तपासायला पुरुष डॉक्टर. त्यांनी पडद्याकडं हात केला आणि तू ताडकन उठलीस. "बाप्या मानसापुढं लुगडं सोडू? मेले तरी न्हाई." मी हातापाया पडले. तू गाडीत जाऊन बसलीस, आणि वाटभर बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याशी बोबडं बोलत राहिलीस.

पुढं परभणीला बाई डॉक्टर आल्याचं कळलं, तशी मी सासरहून धावत आले. तोवर तुझ्या जागेला गाठ येऊन फुटली होती. बाईंनी तुला हळुवार तपासलं, बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हैदराबादला न्या. पण फार उशीर झालाय." तू आतूनच विचारलंस, "काय म्हनल्या?" मी म्हणाले, "मलम देतेत." "मंग ठीक हाय," म्हणालीस आणि पदर सावरलास. हैदराबादला जायची तयारी होईपर्यंतही तू राहिली नाहीस.

आणि यंदा, म्हातारपणी, माझंही कातडं तसंच पांढरं पडलं. तशीच खाज. थोडे दिवस गप्प बसले, मग लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, ऊठ, आत्ताच जाऊ." डॉक्टर म्हणाल्या, "हे कोड नाही, गुप्तरोगही नाही. कातडीचा आजार आहे, कुणाला लागत नाही. मलम सोडू नका, अधूनमधून दाखवत राहा. यातून क्वचित कॅन्सर होतो, म्हणून गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच या." मी तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेळेवर तपासलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या."

कदाचित. रिक्षात बसून मी हमसून रडले. लेक पाठीवर हात फिरवत होती. तिला वाटलं, मी घाबरले.

हे कुठं पाठवायचं, मला ठाऊक नाही. पण घाबरले नव्हते मी, माय. जन्मात पहिल्यांदा मला तुझा राग आला होता. अजून गेलेला नाही.