आबाचा चुरा वस्त्रगाळ करू नको

आई,

मी आबाले घेऊन बोदवडले डॉक्टरकडे चालले. त्यांचं पोट साफ होत नाही, काल तर जेवलेच नाहीत. आबाले दात नाहीत म्हणून तू पोटासाठी द्यायचा केळीच्या गाभ्याचा वाळलेला चुरा मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करते. ओट्यावर दोन ग्लास ठेवले, ते पाह्य. जाडा चुरा पाणी पिऊन ग्लासभर फुगला, मऊबी झाला. तुझा बारीक मेला तळाशी चिखल होऊन बसला. गाभा एकच, मग असं कसं? शाळा सोडलेलीचं तू ऐकणार नाही, म्हणून डॉक्टरलेच विचारते.

सकाळी मी तुझ्यावर ओरडले ते जाऊ दे. चुकले असेल तर दोन्ही ग्लास माझ्या डोक्यावर ओत. तोवर ते गाळायचं फडकं दोरीवरच राहू दे.

मोहिनी