बाबांनी नावं ठेवली

कानाझावा, मंगळवार

चि. चिझुरूला, आणि दुकानात दिवसभर उभं राहून दुखणाऱ्या तिच्या पायांनाही, आईचे आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत. बाबांचा खोकला थांबलाय, काळजी करू नकोस. नूडल्सचं पीठ गार पाण्यातच भिजवतेस ना?

काल बागेत गेलो. बर्फ पडायला अजून अवकाश आहे, पण पाइनच्या एकेका फांदीला आत्ताच वरून दोर बांधून आधार दिलाय. शेकडो दोर गं! बाबा टोपी काढून नुसते उभे राहिले.

मग सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम खाल्लं. "मस्त गोड आहे," बाबा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले.

आता सांगतेच. जानेवारीतल्या तापापासून त्यांना चवच कळत नव्हती. दुकानात रस्सा चाखला की माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की मगच गिऱ्हाइकाला वाढायचे. तुला सांगू नकोस म्हणाले होते.

आज बाजारात ओदेन खायला बसलो. रश्श्यात मुरलेला मुळा लोण्यासारखा मऊ! बाबांनी वाटी तोंडाला लावली, थांबले, आणि मालकिणीला म्हणाले, "बाई, समुद्री शेवाळाची पट्टी रश्श्यातून वेळेवर काढली नाहीत. कडवटपणा उतरलाय."

"तीस वर्षं करतेय मी! आलेत मोठे शिकवायला!" ती कडाडली.

मी घाईघाईनं चाखून पाहिलं. मला काही कडू लागलं नाही. पण चिझुरू, बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

तुझी,
आई