मला तर वास येत नाही

२४ नोव्हेंबर
शेगडी आज हलवली. मार्गशीर्षातला नैवेद्य पूर्वेकडे तोंड करून रांधायचा, ही कमलिनीची जुनी इच्छा. पाइपच्या गॅसचा जॉइंट उघडायला कंपनीचाच माणूस लागतो म्हणे. ज्याचं आयुष्य भोपाळात गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्यात गेलं, त्याने माणूस बोलवायचा? पाना, सुतळी, सफेदा. काम खलास. बायको खूश.

२६ नोव्हेंबर
हिला ओट्यापाशी गॅसचा वास येतो. मला येत नाही. दोघांत टेक्निकल माणूस कोण, हे उघड आहे. गटाराचा असेल. ती सारखी मेन कॉक बंद करते, मी सारखा उघडतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ओट्याशेजारच्या देव्हाऱ्यापुढे घट मांडला, पण समई लावायला हिचा नकार. शेगडी तर पेटवतच नाही, जेवायला बाहेरचा डबा. नैवेद्याला केळी. कंपनीला फोन करा, म्हणाली. केला तर जॉइंट कुणी उघडला ते विचारणार. उद्या स्वतःच शास्त्रशुद्ध तपासणी करायची.

२८ नोव्हेंबर
जॉइंटला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. साबण चांगला असला की फेस येणारच. तपासणी समाधानकारक.

३० नोव्हेंबर
हिने आडून आडून विचारलं, मागच्या त्या तापानंतर नाकाचं काय. नाक ठणठणीत आहे. नको ते वास घेत नाही, एवढंच. वयाबरोबर येतो हा संयम.

३ डिसेंबर
या तारखेला तिला कधीच बरं नसतं. चौऱ्याऐंशी साली नऊ वर्षांची होती, जुन्या भोपाळात. त्या रात्रीच्या वायूने धाकटा भाऊ गेला. मी तेव्हा नागपुरात होतो, त्यामुळे या विषयाकडे मला शांत डोक्याने बघता येतं. तसं तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

ती बॅग भरून सोनागिरीला बहिणीकडे, मंजूषाकडे गेली. उद्यापर्यंत येईल. न येऊन करते काय?

४ डिसेंबर, गुरुवार
आली नाही. ठरवलं, समई आपणच लावायची आणि फोटो पाठवायचा. बघ म्हणावं, काही होत नाही.

काडी ओढली. भडका उडाला. जॉइंटवर ज्योत उभी राहिली. मेन कॉक बंद केला तेव्हा विझली. भुवया गेल्या. घाबरलो. फार घाबरलो. ती घरात असती तर, हेच डोक्यात फिरतंय.

फोन केला कंपनीला.

५ डिसेंबर
माणूस येऊन जॉइंट बदलून गेला. ओरडला नाही. एवढंच विचारलं, "अंकल, इतने दिन बदबू नहीं आई?" सर्दी आहे, म्हटलं. उद्या हिला घेऊन येतो. बोलायचं काय, तेही पाठ केलंय.

६ डिसेंबर
टोपी घालून सोनागिरीला गेलो. मंजूषाने चहा दिला आणि आत निघून गेली. कमलिनीला सांगितलं, गळती बंद झाली, चूक माझीच होती, घरी चल.

ती म्हणाली, "अहो, शेगडी हलवायच्या आधी कितीतरी दिवस मी वरणाला फोडणी देत नव्हते. तुम्ही रोज म्हणायचात, काय खमंग वास सुटलाय."

मग आधी का नाही बोललीस, विचारलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते, म्हणाली.

मी म्हटलं, झालं ते झालं, आता घरात कणभरही वास नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

टोपी नीट केली, उठलो.

एकटाच बाग सेवनियाला, घरी परत आलो. कुलूप काढलं. दारात उभं राहून भरपूर श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काहीच नाही.

हे बाहेर पायरीवर बसून लिहितोय. आत जायचा धीर होत नाही.