खूण न केलेला फ्लास्क

प्रिय भिंगरी,

मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्या लॅबच्या ताईंनी माझ्या नाकासमोर एक बाटली धरली, आणि त्या क्षणी माझं सगळंच उलटंपालटं झालं. घाबरू नकोस, नोकरी शाबूत आहे. कॉलेज सोडल्यापासून मी इथं बटाट्याची रोपं वाढवतो, मातीत नाही, काचेच्या बाटलीत. मोठ्या फ्लास्कमध्ये साखर-क्षारांची जेली करायची, ती घट्ट होण्याआधी त्यात वाढीच्या हार्मोनचं अगदी मोजकं माप घालायचं, बाटल्यांत ओतायची, मग एक डोळा असलेला खोडाचा तुकडा खोचायचा. तीन आठवड्यांत बोटभर रोप उभं! पांढरी मुळं काचेतून दिसतात. कॉलेजात दोन वर्षं जे डोक्यावरून गेलं, ते इथं हाताला कळलं. खरं सांगतो, मी मजेत आहे. महिनाभरात कुणाच्या अंगावरही गेलो नाही.

तर त्या बाटलीत रोप नव्हतंच. फुगलेला पोपटी गोळा होता नुसता, ना मूळ ना पान. तुला तो चांगलाच ठाऊक आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये आपल्या चाळीसच्या चाळीस बाटल्यांत तोच निघाला होता आणि आपल्या मॅडम तुला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, साधं माप घेता येत नाही तर उद्यापासून लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. मग मी रजिस्टर आपटलं, नाही नाही ते बोललो आणि कॉलेजातून बाहेर पडलो तो आजतागायत बाहेरच.

ताईंना मात्र बघताक्षणी कळलं, हार्मोन दुप्पट पडलंय. मी घातलं होतं, मागून त्यांनीही घातलं. घातलं की लगेच फ्लास्कवर फुली मारायची, हा इथला पहिला नियम, आणि मी तोच विसरलो. ताई म्हणाल्या, अरे बाबा, प्रेमात पडल्यासारखा काय उभा राहतोस, आजच्या फ्लास्कवर तरी फुली मार की! सगळे खो खो हसले. मी मात्र फुली मारायची सोडून त्या पोपटी गोळ्याकडेच बघत राहिलो.

कारण कॉलेजातला तो दिवस लख्ख आठवला. तू हात धुवायला गेली होतीस. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं होईल, म्हणून हार्मोन मीच घालून टाकलं. तू आलीस, ओल्या हातांनी माझ्यावर पाणी उडवलंस, आणि सांगायचं राहूनच गेलं. मी बाटल्या आणायला गेलो तेवढ्यात तूही घातलंस. तुझं माप अगदी अचूक होतं गं.

तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस, “माझ्यासाठी तू कॉलेज सोडलंस.” ती ओळ मी किती वेळा वाचली, विचारू नकोस. आता ती ओळ माझी राहील की नाही, कोण जाणे. पण उद्या मॅडम प्रोजेक्टसाठी मुलं निवडणार, आणि माझा गोंधळ अजून तुझ्याच नावावर आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. हे तुझ्या दारात टाकतो आणि तडक मॅडमकडे जातो. त्या ओरडतील. ओरडू देत, मी आवाज चढवणार नाही. ऐकून घेतलं नाही तर ऐकेपर्यंत बसून राहीन. हे शेवटचं उभ्याउभ्याच लिहितोय. चप्पल घातली. निघालो, दार ओढून घेतोय.

तुझाच,
आग्यावेताळ