माठाच्या खापऱ्या

आबा, तुमचा माठ फुटला. पडून फुटला नाही. मार्चमध्ये इथे दिवसा चांगलं ऊन पडू लागलं होतं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना नळाचं पाणी रुचेना, म्हणून त्यांनी माठ स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातून काढला, धुतला, भरला आणि बाल्कनीत ठेवला. माठ वाऱ्याला ठेवायचा असतो हे आपल्याकडे कुणीही सांगेल. पण जर्मनीतल्या या डार्मश्टाटच्या मार्चवर विश्वास ठेवायचा नसतो. रात्रीत कडाक्याची थंडी पडली, आतलं पाणी गोठलं, आणि सकाळी माठाच्या जागी बर्फाचा गोळा उभा होता, त्याला चिकटलेल्या खापऱ्यांसकट.

सासूबाई शाल घट्ट धरून दारात उभ्या होत्या. "इथे पाण्याचा दगड होतो, मला काय माहीत?" म्हणाल्या. मी वाकून खापऱ्या मोजू लागले. तेच त्यांना लागलं असावं, कारण जरा वेळाने आतून आवाज आला, "कुंभाराच्या घरी मडकी कधी फुटतच नव्हती का?" फुटत होती. पण तेव्हा दुसरं करायला तुम्ही होता. बर्फ वितळला तशा मी खापऱ्या वेचल्या, पुसल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या. त्यावरूनही झालं. "फुटकं मडकं घरात ठेवत नाहीत गं. त्याने कशाची आठवण होते, ते मी सांगायला हवं का?" सांगायची गरज नव्हती. तुमच्या अंत्ययात्रेत दादाच्या खांद्यावरून सुटलेलं मडकं तुमच्याच हातचं होतं. "टाकून दे," त्या म्हणाल्या. "नाही टाकणार," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं. त्यानंतर घरात आम्ही दोघी 'चहा ठेवू का' आणि 'ठेवा' एवढंच बोलत होतो, आणि त्यांचा मुलगा आमच्या मधे बसून मोबाईल बघत होता.

तो माठ तुम्ही मला इकडे येताना दिलात. "तिकडं फ्रिज असंल, पण फ्रिजच्या पाण्यानं तहान जात न्हाई," म्हणालात. आईच्या लुगड्यात गुंडाळून, विमानात मांडीवर धरून मी तो आणला. तुमचं चाक त्यानंतर वर्षभरात थांबलं. दादाने अंगणात दुकान काढलं. तुमच्या हातचं आमच्याकडे दुसरं काही उरलं नाही, म्हणून तो माठ. पण त्याच्याकडे बघताना मला नेहमी दुसराही दिवस आठवायचा. मी शाळेतून आलेय, तुम्ही जेवायला आत गेलाय, चाक अजून हळूहळू फिरतंय आणि मी त्यावरच्या मातीवर नुसते तळवे टेकवलेत. माती वर यायला लागते. तेवढ्यात तुम्ही मागून येता आणि माझं मनगट धरून बाजूला करता. ओरडत नाही. "माती मळ, उन्हात ठेव, रंग दे. चाकाला बाईमाणसाचा हात लावायचा न्हाई." मी विचारते, "लावला तर काय होतं?" तुम्ही चाकावरची ती माती उचलून पुन्हा ढिगात टाकता. मला पुढे शिकवलंत, प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे वाटलेत. पण त्या प्रश्नाचं उत्तर कधी दिलं नाहीत.

गेल्या हिवाळ्यापासून मी इथे शनिवारी मातीकामाच्या वर्गाला जाते. शिकवणाऱ्या बाई अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या आहेत, तिथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांपैकी. लग्न करून जर्मनीत आल्या. त्यांच्याकडे परंपरेने चाकच नाही, आबा. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक चढवायच्या, बोटांनी सांधे मिटवायचे, भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने भिंत पातळ करायची, आणि सुकलं की नदीतल्या गुळगुळीत दगडाने घासत राहायचं. आणि हे पूर्वापार बहुतेक बायकांचंच काम. मी त्यांना आपल्या घरचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तुझी आई काय करायची?" "माती मळायची," मी म्हणाले.

माठ फुटल्याचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "खापऱ्या घेऊन ये. आमच्याकडे त्या टाकत नाहीत. कुटून नव्या मातीत घालतो, मग भाजताना भांडं सहसा तडकत नाही."

"पण मग जुनं भांडं राहत नाही."

"नाही राहत."

"आणि नवंही आगीत फुटलं तर?"

"तर तेही कुटायचं," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. टॉवेलात खापऱ्या होत्या तोवर निदान तुमचं काहीतरी होतं. कुटल्यावर तेही जाणार, आणि बदल्यात मी केलेलं, कदाचित न टिकणारं, वाकडं भांडं. कित्येक दिवस मी पलंगाखालून ते गाठोडं काढत होते आणि परत ठेवत होते.

एका रविवारी दुपारी मी खलबत्ता घेतला. पहिली खापरी काठाची होती, आतल्या बाजूला तुमच्या बोटाची रेघ स्पष्ट दिसत होती. तीच आधी टाकली, नाहीतर पुढची टाकवली नसती. आवाज ऐकून सासूबाई आल्या. "अगं, माझ्या मसाल्याचा खलबत्ता आहे तो!" मग आत काय आहे ते त्यांनी पाहिलं. माझा हात थांबला. वाटलं, आता काहीतरी बोलतील आणि ते मला कधी विसरता येणार नाही. त्या खाली बसल्या, चिमूट उचलून बोटांत चोळली. "रवाळ राहिलंय. चाळणी आण."

मे महिन्यात, सासूबाईंच्या परतीच्या आधी, शिकवणाऱ्या बाईंच्या शेतावर वर्गाची भांडी भाजली; ती पूड मातीत घालून वळ्यांनी केलेलं माझंही त्यांत होतं. उघड्यावर, गोवऱ्यांमध्ये, आपल्यासारखीच. गोवऱ्या थापायला सासूबाई तीन आठवडे आधीच आल्या होत्या. "काय खायला घालतात या गाईंना? शेण आहे का पिठलं!" म्हणत त्यांनी त्यात पेंढा कालवला. आग लागली तेव्हा पश्चिमेला ढग भरून आले होते. वारा फिरला आणि धूर एका बाजूला लोळू लागला. एका बाजूला जास्त आच लागली की भांडं तडकतं, हे मला तुमच्या भट्टीपाशी कळलेलं आहे. बाई आडोशाचे पत्रे सरकवत होत्या, आणि मधेच आतून आवाज आला. टक्. काहीतरी तडकलं होतं. मी मनात म्हणाले, दुसऱ्या कुणाचं असू दे. माझ्या शेजारी वर्गातले निवृत्त आजोबा उभे होते, त्यांनी बायकोच्या वाढदिवसासाठी वाडगा केला होता. तरीही मी तेच म्हणत राहिले. उघडू का, असं दोनदा विचारलं. "नाईन, आत्ता नाही," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. थेंब पडू लागले. सासूबाईंनी घडीच्या खुर्चीवरून उठून माझा दंड धरला, इतका जोरात की दुसऱ्या दिवशी वळ होता.

राख बाजूला केली तर आजोबांच्या वाडग्याचे दोन तुकडे होते. "आल्झो, म्हणजे माझंच," ते म्हणाले, आणि तुकडे घेऊन बाईंकडे गेले. माझं भांडं त्याच्या मागे उपडं होतं, अखंड. एका कुशीला धुराचा काळा डाग, तोंड जरा कललेलं. वर्तुळ तर नाहीच. तुम्ही पाहिलं असतं तर चाकावरच्या त्या मातीसारखं ढिगात टाकलं असतंत.

गाडीत सासूबाईंनी ते कोमट भांडं मांडीवर घेतलं होतं. शहर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आता हे तुझ्या वडिलांचं म्हणायचं की तुझं?" त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "दोघांचं." त्यांनी मान हलवली, डोळे पुसले.

तुम्हाला पोचणार नाही म्हणून इथे खरं लिहिते, आबा. ते माझं आहे.